कहाणी ऐकणारीचे घर

मी, लीलाबाई नाथाजी झांबरे, वय ७४, धंदा शेती, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. कुणी धाक घातलेला नाही, कुणी फूस लावलेली नाही. गुडघे गेलेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगते आहे आणि वकील सुमंत केळकर लिहून घेत आहेत.

१. माझे यजमान वारले. एकुलता मुलगा जयराज तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मागे त्याची बायको फरीबा आणि त्यांची मुलगी सृष्टी, वय ९. फरीबा इराणातल्या यझ्द शहरातली. पुण्यात शिकताना दोघांचे जमले. माझा पुतण्या उदयसिंह गावभर सांगत फिरतो, की म्हातारीने डोळे मिटले की त्या बाईला गाडीत बसवून देऊ आणि घराला कुलूप लावू. म्हणून हा कागद.

२. राहते घर, अंगण आणि मागचा गोठा माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. यात भावकीचा छदाम नाही. म्हशी मी पाळल्या, धारा मी काढल्या, त्या दुधावर भिंती उभ्या राहिल्या. फरीबाचा पासपोर्ट अजून तिकडचा असल्याने घर थेट तिच्या नावे करताना परवानग्यांचे लचांड आहे, असे वकील सांगतात. म्हणून माझ्या पश्चात घराची मालक सृष्टी. फरीबाने त्यात हयातभर राहायचे. तिला बाहेर काढण्याचा अधिकार कुणालाही नाही, सृष्टीलाही नाही. नात गुणाची आहे, पण उद्याचे कुणी सांगावे.

३. भावकी विचारेल, तिने असे काय केले. तर ऐका. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्या सोप्यात मी जिवतीची कहाणी सांगते. आळीतल्या बायका हातात अक्षता घेऊन बसतात आणि मधे मधे हूं म्हणतात. ऐकणारी नसेल तर कहाणी होत नाही, आणि कहाणी झाल्याशिवाय सांगणारीने जेवायचे नाही, ही घरची रीत. फरीबा लग्न होऊन आली त्या श्रावणात उदयसिंह घरोघर सांगून आला, तिथे बसलात तर बाटाल. एकही बाई आली नाही. समोरची सुलाबाईही नाही, जिची बाळंतपणे मी केली. दुपार टळून गेली तरी मी तशीच उपाशी बसले होते. मग फरीबा माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि अक्षतांसाठी तिने तळहात पुढे केला. मराठी तिला येत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघून ती हूं म्हणत राहिली, आणि एकदाही चुकली नाही.

कहाणी झाली, आम्ही जेवलो. मग तिने तिच्याकडची एक सांगितली, निम्मी हातवाऱ्यांनी. एक म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत लांडगा आडवा येतो, पुढे सिंह. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते, मग खा. अगं बाई, पुढचे तर मीच सांगितले, की ती भोपळ्यात बसून परत येते! माहेरी फलटणला माझ्या आईने मला भरवताना सांगितलेली गोष्ट ही. आमच्यात कोल्हा आणि वाघ, त्यांच्यात लांडगा आणि सिंह, एवढाच फरक. कुठले यझ्द आणि कुठले फलटण. मला आधी हसू आले, मग रडू आले. त्या दिवसापासून ती मला परकी वाटली नाही.

४. देव्हारा आणि कुलस्वामिनीचा टाक फरीबाकडे राहील. जिवतीच्या चित्राशेजारी तिच्या आईने पाठवलेली रंगीत फरशी टांगली आहे. तिच्यावर एक मोठा पक्षी टाकून दिलेल्या पोराला पंखाखाली घेऊन बसला आहे. आमची जिवतीही पोरेच जपते. दोघींना एक उदबत्ती पुरते. ती फरशी कुणी काढू नये.

५. माझी बोरमाळ सृष्टीला. तिने ती लग्नाची वाट न बघता घालावी.

६. हळदीच्या रानात उदयसिंहाने बांध रेटून जी पट्टी गिळली, ती त्याला राहू द्यावी. मोजणी मागू नये. तेवढ्यावर त्याने गप्प बसावे. घरावर दावा सांगितला, तर आधी मोजणी मागावी आणि पट्टी काढून घ्यावी. बाकीचे रान सृष्टीचे.

७. जयराज गेल्यावर फरीबाच्या आईचा रोज फोन यायचा, परत ये म्हणून. मीही म्हणाले, जा बाई, तुझे वय आहे अजून. ती म्हणाली, "आत्या, मी गेले तर तुमची कहानी कोन ऐकनार?" आता आमच्यासारखीच बोलते. तिने घर कधी मागितले नाही. उदयसिंहाला मात्र जयराजच्या तेराव्याला किल्ली हवी होती.

साक्षीला मी मुद्दाम सुलाबाईला बोलावले. सगळे तिला वाचून दाखवले. साक्षीदाराला यातून काही मिळत नाही, हे वकिलांनी तिला समजावले. मग ती बोलली, ते मी जसेच्या तसे लिहायला लावले आहे: "मला काय नको. पन लिव्हा, तिला भाईर काढाया कोन आलं, तर त्याला आदी माज्या अंगावरनं जावं लागंल."

वरील मजकूर मी ऐकला, तो माझाच आहे, म्हणून सही केली.

सही: लीलाबाई नाथाजी झांबरे

आमच्यादेखत सही झाली:
१. सुलाबाई यशवंत माळी, राहणार समोर
२. डॉ. अवधूत हरी लिमये, आष्टा

ठिकाण: आष्टा
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५