पान एकशे बाराचा समास

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार (सध्या ताठ उभं राहवत नाही, म्हणूनही). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

झालं असं, की माणसं सत्तेला का भितात, या विषयावरचं एक पुस्तक मी वाचनालयातून आणलं. तुम्हीच म्हणता ना, वाचत जा, अंगात धीर येतो. आला. इतका आला, की मी शिसपेन घेऊन समासात मतं मांडू लागलो. (खोड ऑफिसातली, फायलींवर शेरे लिहून लिहून समास दिसला की हात आपोआप चालतो.) पान एकशे बारावर लेखक म्हणतो, भित्र्याला अधिकार दिला की तो आणखी भितो आणि इतरांना भिववतो. मी शेजारी लिहिलं, ‘हुबेहूब आमचे साहेब. सही करायला तीन महिने, नाही म्हणायला तीन मिनिटं.’ मग समाधानाने पुस्तक परत केलं आणि खोडायचं विसरलो.

मंगळवारी तेच पुस्तक साहेबांच्या टेबलावर. त्याच्याच खाली माझा नोकरीत कायम होण्याचा कागद, अकरा वर्षांनी सहीला आलेला. खूण म्हणून त्यांनी बसचं तिकीट घातलंय, ते रोज पुढे सरकतं. काल शंभराच्या आसपास होतं. मामा, मला खरंच भीती वाटते. विचारस्वातंत्र्य वगैरे सगळं पटतं हो, पण हातात चहाची बशी वाजते त्याचं काय करू? बायको म्हणते, शूर व्हायचं होतं तर मनातल्या मनात व्हायचं, शिसपेन कशाला लागते.

असो. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. पुस्तक तुमच्या कार्डावर घेतलं होतं. लहानपणी पाटीवर तुम्हीच गिरवून घेतलंत, त्यामुळे आपलं अक्षरही सारखंच. तुम्ही निवृत्त, तुमचं कोण काय वाकडं करणार? कुणी विचारलं तर ‘ते मी लिहिलं’ एवढं म्हणाल ना? साहेब तुम्हालाही होतेच की.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, खोडरबर आहे का. समोर पान एकशे बारा. माझ्या ओळीखाली तांबड्या शाईत त्यांचं अक्षर, ‘अगदी खरे. आमचे वरचे साहेबही असेच.’ (अक्षर ओळखलं नाही, म्हणजे अकरा वर्षांत माझा एकही शेरा त्यांनी वाचलेला नाही.) आता वरच्या साहेबांनी हेच पुस्तक मागवलंय, आणि शाई काही जात नाही. ते माझ्यापेक्षा जास्त भ्यायले होते. मी घाबरून बोलून गेलो, की शिसपेनीचं अक्षर आमच्या मामांचं. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या कागदावर तिथल्या तिथे सही केली आणि हळूच म्हणाले,

“मामा तांबड्या शाईनेही लिहितात ना?”