शुभेच्छुकांतलं शेवटचं नाव

जामखेड, गुरुवार, दुपार

प्रिय दयाताई,

प्रभूमध्ये सलाम. हे पत्र मी आठ दिवसांपासून लिहितोय, म्हणजे लिहिणार होतो. सोमवारी पेन नव्हतं, मंगळवारी कागद नव्हता, आणि काल दोन्ही होतं तर हिंमत नव्हती. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, जॉनदाजींनीही केलं, म्हणून हा कागद. 'दोन दिवसांत भारी स्क्रीन टाकून आणतो' म्हणून मी तुझा लॅपटॉप उचलला, त्याला आज अकरावा दिवस. रविवारी पप्पांचा शाळेतला सेवापूर्तीचा कार्यक्रम, बॅनर उद्या छापायला गेला पाहिजे, आणि बॅनर याच लॅपटॉपात. सगळं माहीत आहे मला. तर आधी चांगली बातमी. स्क्रीन बसली. उद्या पहाटे नितीनचा टेम्पो कोल्हारवरूनच जातोय, तो तुझ्या बॅनरच्या दुकानात पिशवी देईल.

तुझ्या जुन्या स्क्रीनचं वाईट बोलू नये, पण ताई, तिच्यासमोर सरळ बसलं की काळं, चॉकलेटी, गडद लाल सगळं एकच. बाजूनं बघितलं तर माणसाचे केस पांढरे आणि दात काळे. सोसायटीच्या चेअरमनच्या वाढदिवसाचा बॅनर आठव. तुला तो स्क्रीनवर गोरापान दिसला आणि फ्लेक्सवर निळा निघाला. त्याचा भाऊ दुकानात येऊन म्हणाला होता, 'म्याडम, आमचे आण्णा निळीत बुडवून काढले का काय?' तेव्हाच मी ठरवलं होतं, ताईला चांगलं पॅनल घालून द्यायचं.

उशीर का झाला ते सांगतो. मी सात महिन्यांत आयटीआय सोडली आणि माझ्या वर्गातल्या बजरंगनं पुरी केली, तर त्याचं इथं एसटी स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. पॅनल मी मागवलं. इंच बरोबर बघितले. पण मागं जी चपटी वायर जोडतात तिच्या पिना मोजायच्या असतात. तुझ्या लॅपटॉपला तीस, मी मागवलं ते चाळीसचं. मी म्हटलं, दहा जास्त म्हणजे चांगलंच की. बजरंग म्हणाला, 'इम्या, लेका तू गाडीला चार बैल जुपशील आन् म्हनशील लवकर पोचंल. आदी पिना मोज, मग बाता मार.' ते परत पाठवलं, दुसरं नगरवरून यायला पाच दिवस.

तेवढ्यात करायचं काय? बजरंगच्या मेव्हण्याचा खर्ड्याला घोडा आहे, नवरदेवासाठी भाड्यानं देतो. घोडा डीजेला बिचकतो. सवय व्हावी म्हणून आम्ही दोन दिवस त्याच्यापुढं स्पीकर लावून बसलो. घोडा होता तसाच आहे, मेव्हण्याला मात्र आता कमी ऐकू येतं. हे सांगायचं कारण काही नाही.

काल नवं पॅनल आलं. चौकट एटीएम कार्डानं उचकटली, टिकटिक करत निघाली. डाव्या कोपऱ्यातली एक खुंटी तुटली, तिथं फेविक्विक आहे, ओढू नकोस. चालू केलं आणि तपासायला म्हणून तुझा बॅनर उघडला. ताई, पप्पांच्या कोटाची शिवण दिसते! मिशी रंगवलीय तेसुद्धा दिसतं. मी आणि बजरंग बघतच बसलो. खाली काळ्या पट्टीवर शुभेच्छुक: दया व जॉन, नात प्रार्थना, समस्त शिक्षकवृंद, दूध डेअरी. डेअरीचं का घातलंस कळलं नाही, असो. आणि डेअरीच्या खाली, काळ्यावर काळपट लाल अक्षरांत, अजून एक ओळ होती. 'धाकटा मुलगा इमॅन्युएल'.

बजरंगनं चहा आणला होता, तो तसाच गार झाला.

दोन वर्षांपूर्वी मी अर्ध्या तासासाठी पप्पांची मोटारसायकल नेली आणि नऊ दिवसांनी आणली, आरसा न आणता. त्या रविवारी चर्चच्या दारात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, 'मला एकच लेकरू, दया.' तेव्हापासून मी घरी आलो की ते बागेत जातात. आपल्याला बाग नाही, तरी जातात. बॅनरवर माझं नाव नको असं त्यांनी तुला बजावलं असणार. तू घातलंस, आणि त्या मढ्या स्क्रीनवर त्यांना दिसणार नाही असं घातलंस. झाकण मागं वाकवून तू एकटीच वाचत असशील.

आणि मी शहाण्यानं तीच स्क्रीन बदलली. म्हणून आज हे पत्र. छपाईआधी पप्पा शेवटची नजर टाकणार म्हणतात. त्यांना दाखवायच्या आधी उजेड अगदी कमी कर, सूर्याचं चित्र आहे ते बटण. जुनी स्क्रीन परत बसवू का, हेही मनात आलं होतं, पण बजरंग स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगावर आला. नाहीच जमलं तर ओळ काढून टाक. मी रुसणार नाही. मला एकदा वाचायला मिळाली, बास. पत्र चार्जरच्या कप्प्यात ठेवतोय, पप्पा चार्जरला हात लावत नाहीत.

थांब ताई. पप्पा आलेत. इथं, जामखेडला, एसटीनं, डोक्याला उपरणं बांधून. पत्ता दाजींनी दिला म्हणे. माझ्याकडं बघितलं नाही, बजरंगला म्हणाले, 'लेकीचा लॅपटॉप न्यायला आलोय.' लॅपटॉप उघडाच होता. चष्मा लावला, वाकले, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले. बोट डेअरीवर आलं. खाली सरकलं. तिथंच थांबलंय. मी काउंटरच्या मागं बसून हे लिहितोय, कारण हाताला काहीतरी काम पाहिजे.

आत्ता बोलले. माझ्याशी नाही, बजरंगशीच. 'त्याला सांग, ही ओळ पांढरी कर म्हणावं. काळ्यावर पांढरं लिहायचं असतं. चौतीस वर्षं मी फळ्यावर दुसरं काय केलं?'

तुझाच,
इम्या