चंद्राबाईचा पेला

बुधवार, संध्याकाळ. विकास नगर, लखनौ

तो पितळी पेला डोक्यातून जात नाही. जुन्या मनोरुग्णालयाचं संग्रहालय होतंय, तिथे मी वस्तूंच्या नोंदी करते; तिथेच निघाला. आपल्याकडे भांड्यावर घालतात तसं नाव घातलंय: चंद्राबाई. प्रदर्शन लावणाऱ्या मिश्राजींनी खाली चिठ्ठी लावली, 'तवायफ मरीज़ का गिलास'. का, तर नावात बाई, म्हणजे कोठ्यावरचीच!

म्हटलं, "भैया, हमारे यहाँ माँ-दादी सब बाई होती हैं."

"अच्छा? पर मैडम, लोग यही पढ़ने रुकेंगे."

चिठ्ठी मी ओढून काढली. पण ती कोण होती, हे मला तरी कुठे ठाऊक आहे?

घरी येऊन माझा पेला घासला. लग्नात आईने नाव घातलेलं, सुमनबाई. हे गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही. उद्या हा पेला कुणाला सापडला, तर या लखनौत मी कोण ठरणार?