पुढची तारीख

१४ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील. आम्हीही आहोत. माझा गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारपर्यंत समजूत पटते त्याची. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर तीनदा येऊन नुसता बघून गेला होता. चौथ्यांदा तुझ्या आईने त्याला आत घेऊन दाराला कडी घातली आणि काम झाल्यावरच काढली. आपल्या घरात हुकूम कोणाचे चालतात हे तुला वेगळं सांगायला नको.

तीन आठवडे तुझा फोन नाही. कारण मला ठाऊक आहे. निकाल दिलास त्या संध्याकाळी तू फोन केलास, "बाबा, वाचलंत?" मी म्हणालो, भाषा स्वच्छ आहे. आणि मग नळाबद्दल बोलत बसलो. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, पोरीने तुमचा निकाल आधाराला घेतलाय आणि तुम्ही तिला गळका नळ ऐकवताय. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही ती.

ठमे, निकाल मी चारदा वाचला. टेकडीवरच्या वस्तीतल्या बायांनी रस्ता मागितला. तू लिहिलंस की रस्ता कुठे करायचा, आधी कोणता करायचा, हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावं, न्यायालयाने नव्हे. आणि त्याखाली माझ्या सतरा वर्षांपूर्वीच्या निकालातला उतारा, माझं नाव न घेता. वर्तमानपत्राने मात्र नाव शोधून काढलं आणि वारसा वगैरे लिहिलं. आईने कात्रण फ्रिजवर लावलंय. पाणी घ्यायला जातो तेव्हा ते दिसतं, म्हणून हल्ली मी माठातलंच पितो.

तो निकाल दिला तेव्हा तू कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतीस. नदीपलीकडची मुलं नावेतून शाळेत येत. त्यांच्या शाळेतल्या बाईंनी पूल मागायला अर्ज केला होता. मी तो निकाली काढला. तू जेवता जेवता ताट सारून म्हणालीस, "बाबा, तुम्ही हात झटकलेत." मी म्हणालो, तू वकील हो, मग बोलू. तू वकील झालीस, न्यायाधीश झालीस आणि माझ्या बाजूला येऊन बसलीस. एखादा बाप हरखून गेला असता. मला मात्र तुझा निकाल वाचला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोबत अकरा पोस्टकार्डं पाठवतो आहे. कपाटात, माझ्या जुन्या डगल्याच्या खिशात होती. तू पाहिली नाहीस, आईनेही नाही. त्या बाई दर वर्षी शाळा उघडली की मला एक कार्ड टाकत. तक्रार नाही, टोमणा नाही. "आज शाळा उघडली. एकोणतीस मुलं नावेने आली. सगळी पोचली." खाली सही. एवढंच. मी उत्तर दिलं नाही. न्यायाधीशाने पक्षकाराशी पत्रव्यवहार करू नये, हा नियम मला सोयीचा पडला. निवृत्तीनंतर कार्डं घरी यायला लागली, तेव्हा तो नियमही उरला नव्हता.

सहावं कार्ड नीट वाच. "नाव उलटली. सगळी वाचली. एक मुलगी पुन्हा नावेत बसायला तयार नाही. अठ्ठावीस आली."

अकराव्यात लिहिलंय की पूल झाला, आता कळवण्यासारखं काही नाही. पूल सरकारनेच बांधला. म्हणजे मी बरोबर होतो असं म्हणायला मोकळा होतो, आणि सहा वर्षं तसं म्हणत आलो.

गेल्या मंगळवारी आईला दवाखान्यात जातो असं सांगून मी तिथे गेलो. पूल चांगला आहे, कठड्याला निळा रंग आहे. चालत पलीकडे जाऊन परत शाळेच्या बाजूला आलो. बाई आता निवृत्त आहेत, अंगणात वाटाणे सोलत होत्या. मी ओळख दिली. त्यांनी आत जाऊन दुसरी खुर्ची आणली. मी विचारलं, तुम्ही मला का लिहीत होता? त्या सरळ म्हणाल्या, "साहेब, निकालाच्या शेवटी तुम्हीच लिहिलं होतं, अर्जदारांनी परिस्थिती वेळोवेळी निदर्शनास आणावी. कोणाच्या, ते लिहिलं नव्हतं. मग मी तुम्हालाच कळवत राहिले."

ते वाक्य, ठमे, मी शेकडो निकालांच्या शेवटी घातलं असेल. लघुलेखक तर मी न सांगताच टाइप करायचा. ते कोणी पाळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या मुलीचं मी विचारलं. बाईंनी नदीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या काठावरचं पत्र्याचं घर तिचं. शाळा तिथून दिसते. पूल झाला तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

आता जे लिहायला नळापासून सुरुवात करावी लागली, ते लिहितो. न्यायालयाने संयम ठेवावा हे मी आजही म्हणेन. खुर्चीवर बसून पूल बांधायला निघालेला न्यायाधीश उद्या काय काय बांधेल याची मला भीतीच वाटते. पण पूल बांधा म्हणणं आणि हात झटकणं, यांच्यामध्ये पुष्कळ जागा होती. खात्याकडून खुलासा मागवता आला असता. तोवर नावेत तरंगणारी जाकिटं ठेवा म्हणता आलं असतं. काहीच नाही तर प्रकरण उघडं ठेवून पुढची तारीख देता आली असती. माझ्या लघुलेखकाने पेन्सिल थांबवून विचारलंही होतं, "साहेब, तारीख कोणती घालू?" मी म्हणालो, निकाली.

त्या महिन्यात बढतीची यादी निघायची होती. ज्या खात्याने पूल बांधायचा, त्याचे सचिव ती यादी ठरवणाऱ्या बैठकीत बसणार होते. मला कोणी फोन केला नाही, कोणी सुचवलं नाही. माझं मीच मला सुचवलं. यादीत नाव आलं. त्या वर्षी मी तुला घड्याळ घेतलं, आठवतं? तू ज्याला संयम समजून उतरवून घेतलंस, ती माझी भीती होती. भाषा तेवढी चांगली होती.

तुझ्या निकालावर फेरविचाराचा अर्ज करायला त्या बायांना अजून नऊ दिवस आहेत. आधी ठरवलं होतं की मुदत संपल्यावर पत्र टाकायचं, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. काल लक्षात आलं, हे पुन्हा तेच आहे. म्हणून आजच टाकतो. तू काय ठरवावंस ते मी सांगत नाही, सांगणारही नाही. तुझी कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. कदाचित तू बरोबरच असशील, पण मग स्वतःच्या कारणांनी अस, माझ्या नको. पत्र लपवू नकोस. वरिष्ठांना दाखव. अर्ज आलाच आणि अडचण वाटली, तर प्रकरण दुसऱ्याकडे दे. माझी अब्रू जाईल म्हणून थांबू नकोस. ती खिशात घालून मी सतरा वर्षं फिरलो आहे.

कात्रण मी फ्रिजवरून काढलं. आईने का म्हणून विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे आधी पोरीला सांगा. त्या दिवशी ताट सारून उठलीस ती तू बरोबर होतीस, हे मला तुझ्यासमोर बसून म्हणायचं आहे. रागावली असशील तर रागावून ये. तारीख तू दे. मी हजर राहीन.

तुझा,
बाबा