कांगोरीची वाट

महाड, रविवार, दिवेलागणी. थंडी पडली आहे.

पुढच्या रविवारी कांगोरी किल्ला चढायचा. यादी केली: पाणी, भाकरी, गुडघ्याची पट्टी. शाळेत असताना या यादीत फक्त दगडू असायचा. पायथ्याच्या वाडीतला माझा वर्गमित्र. पुढे तो, मागे मी आणि दोघांच्या डोक्यावरून जाणारं गवत. पावसाळ्यानंतर वाडीतले लोक गुरांसाठी ते कापायचे, तेव्हाच वाट उघडी पडायची. त्या कापल्या गवताचा वास अजून... असो.

आत्ताच त्याला फोन केला. "वाट मोकळी हाय का रे?"

"आधी तुझं पोट बघ. मावंल का वाटंत?"

मग वहिनींनी फोन घेतला. "भावोजी, येणार असाल तर नक्की सांगा. गेल्या वर्षी पण ह्यांनी आठ दिवस गवत कापलं, आणि तुम्ही आलाच नाय."

गेल्या वर्षी मी एका सत्काराला गेलो होतो. माझ्याच. शाल मिळाली, अंगाला टोचते.

"पण गवत गुरांसाठी कापतात ना?" मी विचारलं.

"गुरं कुठली आता? कधीच विकली."

म्हणजे ते आठ दिवस? एकटा, या वयात, तो चढ. आणि फोनवर चकार शब्द नाही, वर माझ्या पोटाची थट्टा.

वहिनींना "नक्की" म्हणालो. म्हणजे दगडू उद्याच विळा घेऊन निघणार. पहिल्या एसटीने गेलो तर त्याला चढाच्या सुरुवातीलाच गाठता येईल. यादीत विळा वाढवला.