ओठांवर बोट

३ नोव्हेंबर १९९८

क्लासच्या मॅडमनी आज तोंडावर सांगितलं — फेब्रुवारीत शाळेचा इंटरव्ह्यू, आणि तुमची मुलगी अजून "पाणी" मागते! "वॉटर" म्हणायला हवं. आजपासून घरात फक्त इंग्लिश. मराठीसुद्धा नको, आणि ते तुमचं गावाकडचं तर मुळीच नको. "ते" म्हणताना नाक असं केलं, जशी काही माझ्या पिशवीत सुकट होती!

त्यांच्या क्लासला सगळी साडेतीन-चार वर्षांची पोरं. कुणी बडबडलं की मॅडम म्हणतात, "फिंगर ऑन युवर लिप्स!" — की सगळी पटापट ओठांवर बोट ठेवून गप्प. स्नेहलचं बोट सगळ्यांच्या आधी. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू.

रात्री मनोजला सांगितलं. म्हणाला, करायचं म्हणजे करायचं. अंबडच्या कंपनीत मागच्या महिन्यात मोठ्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याला इंग्रजीत विचारलं. मशीनची नस न् नस माहीत असून हा नुसता उभा राहिला. प्रमोशन दुसऱ्यानं नेलं. "माझ्या मुलीवर ही वेळ यायची नाही," म्हणाला. आवाज वेगळाच झाला होता त्याचा. आणि खरंच आहे — त्या शाळेत केजीला एकदा नंबर लागला की दहावीपर्यंत बघायला नको.

४ नोव्हेंबर

कम. सिट. ईट. ड्रिंक वॉटर. गुड गर्ल.
दुपारी बारापर्यंत माझं सगळं इंग्रजी संपलं!

९ नोव्हेंबर

लग्न होऊन या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आले त्या वर्षी बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला कुणीतरी माहेर विचारलं. माझ्या तोंडून गेलं, "मन्ही माय सटानाले शे." बायका हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या, पण हसल्याच. घरी आल्यावर मनोजही "शे, शे" करून हसला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. चारचौघांत जेवढ्यास तेवढं. मनोजशी पुस्तकातल्यासारखं. शेजारणी म्हणतात, मोहिनी फार शांत बाई. मी आणि शांत! माहेरी कुणाला सांगितलं तर पोट धरून हसतील.

अहिराणी राहिली ती दुपारची. मनोज कामावर, दार लावलेलं, आणि स्नेहल पोटात. मी बोलायचे, ती लाथा मारायची. मग ती बाहेर आली, मोठी झाली आणि उलट बोलायला लागली. भांडी घासत असले की मागे येऊन उभी, "काय करी राहिनी वं?" अगदी माझ्या मायच्या सुरात! मला हसू आवरायचं नाही. या अख्ख्या नाशकात माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं ते एवढं एकच माणूस, आणि ते टेबलाच्या उंचीचं.

आता दुपारी आम्ही दोघी बसतो आणि मी म्हणते, धिस इज अ चेअर.

२१ नोव्हेंबर

घरातही क्लासचाच नियम लावला. चुकून दुसरं काही बोललं की ओठांवर बोट. आज दूध उतू गेलं आणि मी ओरडले, "अय माय वं!" मागून आवाज — "मम्मी! फिंगर!" मग काय, एक बोट ओठांवर, दुसऱ्या हातानं गॅस बंद. मला हसायला आलं.
ती हसली नाही.

११ डिसेंबर

आज दिवसभरात घरात काय तो कुकर बोलला.

१८ डिसेंबर

मनोज म्हणतो, "बघ, किती शहाणी झाली. हट्ट नाही, किरकिर नाही." हो, किरकिर नाही. कशाचीच नाही. पूर्वी बाहुलीशी तरी बोलायची. आता तिलाही भिंतीकडे तोंड करून बसवते आणि तिचं प्लॅस्टिकचं बोट ओठांकडे वळवायला बघते. ते वळत नाही.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, होतं असं सुरुवातीला, मुलं आतून शिकत असतात. त्यांनी शेकड्यांनी मुलं शाळेत घातलीत. मी कोण सांगणारी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

२ जानेवारी १९९९

माय आली! बाजरीचं पीठ, डाळिंबं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या घराण्याची सगळी माहिती घेऊन. माझी माय गप्प बसलेली मी झोपेतसुद्धा पाहिलेली नाही. आणि तिला मी दारातच, चप्पल काढायच्या आत सांगितलं — "माय, स्नेहलशी आपलं बोलू नकोस. इंटरव्ह्यू होईपर्यंत."

"मंग मी तिनासंगे काय बोलू वं?"

"नुसतं हसायचं."

मायनं चप्पल काढली. मग म्हणाली, "पोरनं भलं व्हस ना? मंग नही बोलस." आणि पिशवीतली डाळिंबं काढायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

५ जानेवारी

विसरलीच शेवटी! सकाळी स्नेहल उठून आली तशी माय हात पसरून म्हणाली, "ये वं मन्ही चिमनी!" स्नेहल जागच्या जागी थांबली. "आजी, फिंगर ऑन युवर लिप्स!"

मायनं मला विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं. मायनं लगेच ओठांवर बोट ठेवलं — वर नातीच्या हुकुमाचं कौतुक डोळ्यांत!

तेव्हापासून दोघी गॅलरीत असतात. पाठमोऱ्या, एकीला एक चिकटून. माय मेथी निवडते, स्नेहल काड्या गोळा करते. आवाज नाही. मी दाराशी गेले की दोघी वळून माझ्याकडे बघतात, ओठांवर बोट. मी परत स्वयंपाकघरात.

८ जानेवारी

माय गेली. संक्रांत करून जाणार होती. सीबीएस स्टँडवर एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "आठे माले करमत नही वं." मी राहा म्हटलं नाही. राहून तरी काय करणार होती? आठवड्यानं आम्ही तिळगूळ वाटणार आणि म्हणणार, गोड बोला!

सटाण्याची गाडी वळेपर्यंत उभी होते. मग रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे फिरवला. देव त्याचं भलं करो.

६ फेब्रुवारी

इंटरव्ह्यू. मी कडक इस्त्रीची साडी, मनोज टायमध्ये अवघडलेला. प्रिन्सिपल बाई चांगल्या होत्या, समजून विचारत होत्या. स्नेहलनं रंग सांगितले, प्राणी सांगितले, हात हलवून पोएम म्हटली. कुठे अडली नाही. मनोजचा पाय टेबलाखाली हलत होता तो थांबला.

शेवटी त्यांनी माझ्याकडे हात करून विचारलं, "अँड हू इज धिस, स्नेहल?"

हे तर आम्ही रोज घोटलेलं. धिस इज माय मदर.

स्नेहलनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "टीचर."

प्रिन्सिपल हसल्या. मनोज हसला. मीही हसले, सगळ्यांच्या नंतर.

१९ फेब्रुवारी

नंबर लागला!! मनोजनं बिल्डिंगभर पेढे वाटले. प्रत्येक दारात तो "टीचर"चा किस्सा. "आमच्या मिसेस म्हणजे काय — टीचरच!" बायका म्हणाल्या, मोहिनीनं मेहनत घेतली बाई. हो. घेतली.

किती दिवसांनी मनोज मोकळं हसला. ते बघून बरं वाटलं. पण हातातला पेढा मी परत डब्यात ठेवला.

२२ फेब्रुवारी

आता कशाला कुणाची चोरी! दुपारी दार लावलं, तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "काय करी राहिनी वं मन्ही अंडेर?" तिला अंडेर, लेक म्हणून कितीक दिवस झाले होते; माझी मलाच बोली नवी वाटली. स्नेहलनं माझ्या मांडीवर बसल्या बसल्या ओठांवर बोट ठेवलं. नियम आहे ना! म्हटलं, नियम संपला गं, संपला. मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. बोट हलेना.

१७ एप्रिल

माहेरच्या शेजारी, भारतदादाकडे एसटीडी लावला. दादानं मायला बोलावलं. माय दबक्या आवाजात विचारते, "आते बोलू का?" म्हटलं, बोल गं, आता काय! रिसीव्हर स्नेहलच्या कानाला लावला. मी शेजारीच उभी. पलीकडून मायचं "हालो, हालो वं!" मलासुद्धा ऐकू येत होतं. स्नेहलनं माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. फोनवर!

१४ जून

शाळा सुरू. निळा फ्रॉक, गळ्यात वॉटरबॅग. फाटकाशी सगळी पोरं आईला बिलगून भोकाड पसरत होती. स्नेहल वळली, "बाय" म्हणाली, गेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, किती गुणाची! त्यांचा मुलगा त्यांच्या पदराला लोंबकळून रडत होता. मला त्या बाईचा हेवा वाटला.

३१ जुलै

शाळेत पालकांची मीटिंग. स्नेहलच्या टीचर, तरुण पोरगी, मला बाजूला घेऊन मराठीतच म्हणाल्या, "रागावू नका, पण ती वर्गात बोलतच नाही. विचारलेलं सांगते, बाकी दिवसभर ओठांवर बोट. आम्ही कुणी तिला ठेवायला सांगत नाही हो. घरी बोलते ना?"

मी म्हणाले, "हो, खूप बोलते."

घरी आल्यावर बॅग भरली. मनोज म्हणाला, सोमवारी शाळा आहे. म्हटलं, बुडू दे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग उठून त्यानंच स्नेहलचा स्वेटर बॅगेत ठेवला.

१ ऑगस्ट, माहेरी

दुपारी पोचलो. स्नेहल आजीमागे कांदे साठवायच्या चाळीत पळाली. मी हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि मागून गेले. चाळीजवळ पोचले तर आतून कुजबुज. आधी ओळखूच आलं नाही. मग ओळखलं — स्नेहल! घडाघडा बोलत होती, एकही शब्द न अडता.

"आजी, मन्ही मम्मी नं, बोलस नही. तिले येस नही."

"येस वं, माय. तिले समदं येस."

माझा पाय कांद्याला लागला. दोघी एकदम वळल्या आणि दोघींची बोटं ओठांवर. अगदी तशीच, गॅलरीतल्यासारखी. म्हणजे तेव्हाही माझी पाठ फिरली की त्या बोलतच होत्या. मुकी झालीच नव्हती माझी पोर. माझ्यापुरती होती.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि आपलं बोट ओठांवर ठेवलं. मग स्नेहल पुढे आली, तिनं माझं बोट धरलं आणि खाली घेतलं.

आणि मला एक शब्द सुचेना.