तुझी ओटी भरायला मी येणार नाही

हिर्डोशी,
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय कमळ,

ओटीभरणाला ये म्हणून तुझं पत्र आलं. भाताची कापणी चालू आहे, एस.टी.चा भरवसा नाही, असं मी तुझ्या आनंदरावांना कळवलंय. ते खोटं आहे.

गेनूला परत निमोनिया झाला. पाच वर्षांच्या पोराला हा चौथ्यांदा. मधल्या काळात कान वाहतो, तो थांबला की अंगावर गळवं. तुला ठाऊकच आहे, मी सगळं खापर माझ्या थोरल्या जावेवर, फुलाबाईंवर फोडलं. त्यांना मूलबाळ नाही, त्यांचीच नजर लागते, हे मी मनात पक्कं धरलं होतं. गेनूला त्यांच्या मांडीवरून ओढून घ्यायचे. शेवटी आखाडात त्या मार्गासनीला माहेरी निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "म्या त्याला न्हाऊमाखू घातलं गं, माझी कशी नजर लागंल?" गेनू अजून त्यांना घरभर शोधतो, आणि आजार काही हटलेला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. रोगाशी झुंजणारं जे माणसाच्या रक्तात तयार होतं, ते म्हणे गेनूच्या रक्तात होतच नाही. त्याची सुई मुंबईहून मागवावी लागते, दर महिन्याला, जन्मभर. पहिलीच अजून मिळालेली नाही. मी नुसती उशाशी बसून त्याची छाती वरखाली होताना बघते. दुसरं काय करू, सांग.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला मामा आहेत का? मी म्हटलं, दोन होते, लहानपणीच गेले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, हे आईकडून मुलाला येतं. मुलींना स्वतःला त्रास होत नाही, पण त्यांच्यातून पुढे जातं. म्हणजे माझ्या लेकराला माझंच रक्त बाधलं. आता फुलाबाईंना कोणत्या तोंडाने परत बोलवू?

कमळ, तुझ्यातही ते असेलच असं नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण ओटी भरताना सगळ्या जणी तुला मुलगा मागतील आणि माझ्या तोंडून ते निघणार नाही. मी इथे बसून तुझ्यासाठी मुलगी मागते आहे. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण मुलगा झाला तर पहिल्याच तापाला त्याला पुण्याला ने. आणि आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस. त्या दोन्ही भावांना तिनेच कडेवर वाढवलं होतं. नातवाचं दुखणं तिच्यातूनच आलंय, हे तिला कळायला नको.

तुझीच,
आक्का